हात आहे, कान नाही

जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात थोरलीचं अर्धं आयुष्य गेलं, आणि त्यातला बराचसा वेळ धाकट्या बहिणीवर जळण्यात गेला. खोटं कशाला बोला? हातातलं काम न थांबवता, अगदी मनापासून जळायची ती. घरघरणारी, फुसफुसणारी, मध्येच ओरडणारी अँप्लिफायरची कसलीही पेटी आणून ठेवा, थोरली ती उघडून, सुटलेले सोल्डरचे डाग पुन्हा लावून, धडधाकट करून परत देणार. गिटारवाले लांबून तिचं नाव विचारत येत. पण बाबा? दोघींना हे काम त्यांनीच शिकवलेलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगायचे, "थोरलीला हात आहे. कान म्हणाल, तर तो धाकटीला."

आता यात वाईट काय बोलले? काहीच नाही. पण हेच वाक्य वर्षानुवर्षं रोज ऐकून बघा, म्हणजे कळेल.

धाकटीने दुकान कधीच सोडलं होतं. ती मोठमोठ्या कार्यक्रमांत स्टेजवरचा आवाज सांभाळायची. ड्रमच्या शेजारी उभी राहायची, गावोगाव फिरायची, मधूनच घरी उगवायची. ती आली की बाबांचा चेहरा असा काही खुलायचा, की थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुकान झाडायचं मी, बाबांच्या गोळ्या आणायच्या मी, आणि लाडकी कोण, तर ही! घरात तिला हाकच 'कानू' अशी मारत. थोरलीला सगळे नुसतं 'ताई' म्हणायचे. ताई काय, कुणीही असतं.

एकदा एक गिटारवाला पेटी घेऊन आला. म्हणाला, "वरचे सूर वाजवले की आत कुणीतरी चमचा आपटतं हो." थोरलीने पेटी चालू केली, मागची फळी काढली आणि पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हच्या काचेवर हलकेच ठोकलं. चांगला व्हॉल्व्ह असला की स्पीकरमधून साधं 'ठक' येतं. पहिला, ठक. दुसऱ्याला मात्र ठकच्या मागे एक बारीक किणकिण आली आणि लांबत गेली. सापडला चोर! ड्रॉवरमधून नवा काढायचा, जुन्याच्या जागी बसवायचा, संपलं काम.

पण तिच्या डोक्यात किडा वळवळला. धाकटी गावातच होती. बाबांच्या देखत ती चुकली तर? एकदाच. मग आपण उठायचं, दुसऱ्या व्हॉल्व्हवर बोट ठेवायचं, आणि बाबांच्या तोंडून ते वाक्य उलटं ऐकायचं. बाकी काही नको होतं तिला. तिने पेटी तशीच उघडी ठेवली आणि फोन लावला. "कानू, जरा येऊन जा गं. मला बाई काही सापडेना."

बाबा लगेच म्हणाले, "बरं केलंस. ते तुझं कामच नाही." थोरलीने दात आवळले.

धाकटी आली. बाबांच्या गळ्यात पडली, मग पेन्सिल घेऊन पेटीवर वाकली. पहिला, ठक. दुसरा, ठक, आणि ती किणकिण अशी स्वच्छ वाजली की थोरलीला वाटलं, झालं, गेला आपला डाव. पण धाकटी पुढे गेली. तिसरा. चौथा. मग पेन्सिल ठेवून ऐटीत म्हणाली, "व्हॉल्व्ह सगळे ठीक आहेत. ट्रान्सफॉर्मरची लोखंडी पत्री सैल झालीय, तीच थरथरतेय."

थोरलीला काय झालं सांगू? आनंद झाला. असा आनंद, की तिची तिलाच लाज वाटावी. ती मागून हळूच म्हणाली, "कानू, दुसरा परत वाजव बरं." धाकटी ढिम्म. "अगं ए, दुसरा!" तरी ढिम्म. मग ती वळली, थोरलीच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "काही म्हणालीस का ताई?" हसत होती, पण डोळे घाबरलेले होते. इतकी वर्षं ड्रमच्या शेजारी उभी! कानूचे कान गेले होते, आणि थोरलीला ते आत्ता कळत होतं.

तरी हेवा गप्प बसतो होय? ती बाबांकडे वळली. "बाबा, तुम्ही ऐका." आणि तिने स्वतः पेन्सिल मारली. किण्ण.

"ऐकतोय की," बाबा म्हणाले. "पत्री सैल आहे. ती सांगतेय ना?"

तिने पुन्हा मारली, जोरात. किणकिण दुकानभर फिरली. बाबांच्या मिटलेल्या पापण्यासुद्धा हलल्या नाहीत. बोलणं तेवढं कळायचं, पण असे बारीक सूर कधीपासून ऐकू येत नव्हते त्यांना, देव जाणे. थोरली पेन्सिल धरून तशीच उभी राहिली. आवाज वाजत होता, ऐकत ती एकटी होती, आणि तुला कान आहे असं तिला सांगू शकणारं आता या घरात कुणीच नव्हतं.

धाकटी श्वास रोखून तिच्याकडे बघत होती.

"बरोबर आहे," थोरली मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "पत्रीच सैल आहे. माझ्या लक्षातच आलं नाही."

धाकटीने श्वास सोडला. बाबांनी समाधानाने मान डोलावली. "म्हणून तर म्हणतो, याला कान लागतो."

आणि काय सांगावं, सगळं माहीत असूनही थोरलीला ते नेहमीइतकंच झोंबलं.