उस्तादांची ट्रायल

टायर वाजवल्याशिवाय उस्ताद गाडी डेपोबाहेर काढत नसत. सकाळी अमरावतीच्या डेपोत टॉमीचा लोखंडी दांडा घेऊन ते गाडीभोवती फिरायचे, एकेका टायरवर ठोका द्यायचे आणि कान देऊन आवाजावरून हवा ओळखायचे. मग ऑइल, मग पाणी, मग ब्रेक. आत प्रवासी कटकट करायचे, मी कंडक्टर म्हणून दारात उभा राहून त्यांची बोलणी खायचो, आणि उस्ताद शांतपणे पुन्हा मागचा टायर वाजवायचे. अकोल्याच्या फेरीवर आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं घालवली. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं. एरवी ते सगळ्या डेपोचे उस्ताद.

नोकरी संपत आली तेव्हा आमची गाडी मध्येच थांबायला लागली. बडनेरा मागं पडलं, की थोड्या वेळानं उस्ताद बाभळीच्या आडोशाला गाडी घ्यायचे आणि रेडिएटरच्या पाण्याचा डबा घेऊन उतरायचे. इंजिन तापलं, असं मी प्रवाशांना सांगायचो. एकदा एका बाईंनी मला विचारलं, की इंजिन पुढं आहे, मग हे त्या झाडामागं काय करतात? गाडीभर हशा झाला. उस्ताद परत आले ते उतरलेला चेहरा घेऊनच. एवढा वेळ उभं राहूनही धड काही झालेलं नसायचं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर तर गाडी नीट उभी राहायच्या आत त्यांचा पाय खाली असायचा.

शेवटी एक दिवस लघवी पार अडली. अकोल्याला नेलं, प्रोस्टेट वाढलेली निघाली, लेझरनं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आमच्याकडच्या माणसाला कळेल असं समजावलं. म्हणाले, संत्र्याचा आतला गर काढला, साल तशीच ठेवली आहे. गाठ साधी होती, पण उरलेल्या सालीत पुढं कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दर वर्षी येऊन रक्त तपासायचं. उस्तादांनी मान डोलावली. पहिले काही महिने खोकला आला तरी पायजमा ओला व्हायचा, तेव्हा माणूस अगदी खट्टू झाला होता. मग तेही थांबलं आणि उस्ताद पुन्हा छाती काढून चालू लागले.

पहिल्या वर्षी ते तपासणीला गेले. रिपोर्ट चांगला आला. दुसऱ्या वर्षीपासून त्यांनी स्वतःची पद्धत काढली, वर्कशॉपमधून आलेल्या गाडीची रोडवर ट्रायल घेतात तशी. तोवर आम्ही दोघंही रिटायर झालो होतो. तपासणीला म्हणून निघालो, की अमरावतीच्या स्टँडवर ते माझ्यादेखत पाण्याची अख्खी बाटली संपवायचे आणि मुद्दाम खिडकीजवळ बसायचे. मूर्तिजापूरला सगळी गाडी मोकळं व्हायला उतरायची, उस्ताद हाताची घडी घालून आत. अकोल्याला दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा प्यायचे, फाटकाकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, चल, परतीची गाडी लागली असंल.

मी भांडायचो. नुसतं रक्तच तर द्यायचं आहे, चला आत, म्हणायचो. "ट्रायल पास झाली ना भाऊ?" ते म्हणायचे. "गाडी रोडवर बराबर चालून राहिली, मंग वर्कशॉपले काहून न्यायची?" जन्मभर धडधाकट गाडीचाही टायर वाजवून पाहणारा माणूस हे बोलायचा, याचा मला संताप यायचा. ते घाबरत होते, असं मला आता वाटतं. पण त्या आनंदी चेहऱ्यापुढं माझं काही चालायचं नाही.

मग कंबर धरली. ड्रायव्हरची कंबर सीटच खाते, असं म्हणत त्यांनी पट्टा बांधला, मलम चोळलं. अंथरुणावरून उठवेना तेव्हा वहिनींनी मला बोलावलं. अमरावतीत फोटो काढला, तिथल्या डॉक्टरांनी अकोल्याला धाडलं, ऑपरेशन केलेल्या त्याच डॉक्टरांकडे. सालीतला कॅन्सर मणक्यात उतरला होता. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, लघवीला काही त्रास?

"काईच नाई साहेब," उस्ताद म्हणाले. "एकदम फर्स्टक्लास."

"त्याचा याच्याशी संबंध नसतो, बाबा," डॉक्टर हळूच म्हणाले. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

परतीच्या गाडीत उस्ताद आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते. मूर्तिजापूर आलं, माणसं उतरली, गाडी रिकामी झाली. ते बराच वेळ दाराकडे बघत होते.

"पाह्य भाऊ," ते म्हणाले, "आज बी उतरावं नाई लागलं." आणि मग, वहिनींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात, "टायर वाजवून पाह्यला पाह्यजे होता."

मी त्यांचा हात धरून बसलो. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, पण त्या वर्षीची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

पुढं माझंही तेच ऑपरेशन झालं, त्याच दवाखान्यात. आता मी दर वर्षी एकटा अकोल्याला जातो. आधी फाटकातून आत जाऊन रक्त देतो, मगच टपरीवर चहा घेतो. मलाही आता काही त्रास नाही, एकदम फर्स्टक्लास. तरी मूर्तिजापूरला गाडी थांबली, की गरज नसताना मी खाली उतरतो. ती ट्रायल मला पास करायची नाही.