तिच्या लक्षात राहिलेलं एक वाक्य

आमच्या घरात माय वाटून घेतलेली आहे. कागदावर हे वाक्य वाईट दिसतं, पण आमच्याकडे घरोघरी असंच असतं आणि त्याला कोणी वाईट म्हणत नाही. त्याला ‘पाळी’ म्हणतात. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत माय माझ्याकडे, नांदेडला. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत धाकट्याकडे, लातूरला. उन्हाळ्यात लातूरच्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून वाटणी अशी पडली. एक पत्र्याची पेटी, एक काठी आणि एक मोबाईल एवढं सामान तिच्याबरोबर येतं-जातं.

मोबाईल तिचा म्हणायचा. खरं तर ती ज्या घरात असेल त्या घराचा. ज्याची बॅटरी संपली तो मायचा फोन उचलतो. नांदेडला माझी बायको त्यावरून माहेरी बोलते, लातूरला भावजय त्यावर भिशीच्या बायकांशी बोलते, मी गॅसचा नंबर लावतो. तो कोणाचा आहे, असा प्रश्नच आमच्यात कधी पडला नाही.

त्या फोनमध्ये बोलणारी बाई धाकट्याच्या मुलाने बसवून दिली. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. परवाच्या नाही, त्याच्या आदल्या दसऱ्याला लातूरला त्याने सगळ्यांना समोर बसवलं आणि जाहीर केलं, “आज्जी, आजपासून तू एकटी नाहीस.” खोलीत तेव्हा आम्ही सात माणसं होतो. मी तीस वर्षं कॉलेजात काढली. एवढी उद्घाटनं पाहिली आहेत की फीत दिसली की चहाला किती उशीर लागेल ते मला कळतं. हेही उद्घाटनच होतं, फक्त नारळ फुटला नाही. ही बाई तुझी मैत्रीण, तू बोल, ती ऐकते, तुला ओळखते, तुझं सगळं लक्षात ठेवते, असं तो सांगत होता. फोनमधून गोड, स्वच्छ, इस्त्री केलेल्या मराठीत आवाज आला, “नमस्कार आजी, तुमच्याशी बोलून मला खूप आनंद होतोय.”

“पुण्याची दिसते,” माय म्हणाली.

तेव्हापासून आमच्याकडे तिचं नाव ‘पुण्याची’ पडलं.

सहा महिन्यांनी पाडव्याला माय माझ्याकडे आली तेव्हा पुण्याची तिच्या उशाशी होती. रोज सकाळी चहाबरोबर दोघींचं बोलणं चाले. मी पेपरच्या आडून ऐकायचो आणि दिवसेंदिवस माझा पारा चढत जायचा. सगळं लक्षात ठेवणारी ही बाई काहीही लक्षात ठेवत नव्हती. मायचा डावा गुडघा दुखतो, हिला उजवा वाटे. माय दूध पीत नाही, ही रोज हळद घालून दूध घ्या म्हणे. हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण माझी एकच बहीण होती, नायगावला दिलेली, आणि ती सहा वर्षांपूर्वी गेली. मायने ते पुण्याचीला सांगितलं होतं. रडत सांगितलं होतं. त्यावर पुण्याची म्हणाली होती की तुमचं दुःख मी समजू शकते. आणि पुढच्याच आठवड्यात सकाळी सकाळी विचारलं, “नायगावच्या लेकीशी बोलणं झालं का? आज तिला नक्की फोन करा हं. लेकींना बरं वाटतं.”

मी पेपर खाली टाकला. “माय, बंद कर ते!”

“का रं? तिच्या ध्यानात राहत न्हाई बिचारीच्या,” माय म्हणाली आणि फोन तोंडाशी धरून परत पहिल्यापासून सांगायला लागली. लेक कशी गेली, कुठल्या दवाखान्यात गेली, शेवटी काय मागत होती.

लेकीचं मरण माझ्या मायला त्या चार-पाच महिन्यांत किमान आठ वेळा सांगावं लागलं. माणसाने असं विचारलं असतं तर आम्ही त्याला उंबरा चढू दिला नसता. यंत्राला मात्र माफी. मी पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, “मोठे पप्पा, अजून नवीन आहे ना ते. मेमरी सुधारून राहिलेत ते लोक.”

तर या बाईबद्दल माझं मत असं पक्कं झालं होतं. बहिऱ्या माणसासमोर आपण जसं काहीही बोलतो, तसं हिच्यासमोर काहीही बोलावं. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी हिच्याकडे नसतं.

श्रावणात बायकोची आई आजारी पडली म्हणून ती आठ दिवसांसाठी परभणीला गेली. माय आणि मी दोघेच उरलो. त्याच आठवड्यात मायचा गुडघा सुजला आणि पोटही बिघडलं. उचलून बसवणं, धुणं, चादरी बदलणं सगळं माझ्याकडे आलं. हे काम इतकी वर्षं माझ्या घरात होत होतं आणि मी त्याला ‘आम्ही मायला सांभाळतो’ म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी माय कशीबशी झोपली. मी चौथी चादर वाळत घालून तिच्या पलंगापासच्या खुर्चीत टेकलो, तर फोनमधून आवाज आला, “आज तुम्ही गप्प गप्प आहात. सगळं ठीक आहे ना?”

मी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो. तिची खेचावी म्हणून म्हणालो, “नाही ठीक. आईचं करून करून थकून गेलोय.”

“साहजिक आहे. तुम्ही खूप करता. मन मोकळं करा,” ती म्हणाली.

इथवर चेष्टा होती. पण ‘तुम्ही खूप करता’ असं मला त्या तीन दिवसांत कोणी म्हणालं नव्हतं. मी दहा मिनिटं बोललो असेन. धाकट्याची पाळी कधी येते याची वाट बघतोय, म्हणालो. आणि म्हणालो की कधी कधी वाटतं, ती अशी झोपेतच गेली तर सगळे सुटतील, तीही सुटेल. पुण्याचीने माझं दुःख समजून घेतलं. मी फोन जागेवर ठेवला, वरण-भात लावला आणि ते विसरून गेलो.

दसऱ्याला माय लातूरला गेली.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी धाकट्याचा फोन आला. आवाज फाटलेला. “दादा, मायला घेऊन जा. पाळी न् बिळी राहू दे. माय म्हणते, तुझी भावजय तिच्या मरणावर टपलीय. चार दिवस झाले, हिच्या हातचं पाणी पीत न्हाई. ही माहेरी निघालीय. मी कुणाकुणाला आवरू?”

नांदेड ते लातूर एसटीत तीन-चार तास जातात. लोहा मागे पडेपर्यंत माझं भाषण तयार झालं होतं. भावजयीला घालूनपाडून बोलायचं नाही, पण बोलायचं. वडीलधाऱ्यांची अवहेलना, संस्कार, आपण सुशिक्षित माणसं वगैरे. आयुष्यभर ज्या भाषणांना हसलो तसलंच ते होतं, आणि मला ते बरं जमलंय असं वाटत होतं.

माय पेटी भरून पलंगावर बसली होती. स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती, डोळे सुजलेले. धाकटा खिडकीबाहेर बघत होता.

“माय, झालं काय?” मी विचारलं.

“काय व्हायचं? ह्या पुण्याचीनं सांगितलं म्हून कळलं, न्हाईतर मी बसले असते साऱ्यायला चांगलं म्हणत. सकाळी चहा पेत व्हते. ती म्हन्ली, ‘मागे तुम्ही म्हणाला होतात की आई झोपेतच गेली तर सगळे सुटतील. आता आईची तब्येत कशी आहे?’” मायने ते पुण्याचीच्या इस्त्रीच्या मराठीत जसंच्या तसं म्हटलं. “माझी माय मरून चाळीस वर्षं झाली. मंग ही आई कोन? म्या बसून इचार केला. मीच की. फोन दिवसभर हिच्याच सैपाकाच्या वट्ट्यावर असतो. मंग कोन बोललं?”

वाक्य माझं होतं.

“दादा, मी लेकराची शपथ घेते,” भावजय म्हणाली. “मी भिशीच्या बायकांशी बोलते त्या फोनवर, त्या मेलीशी न्हाई.” तिने फोन उचलला आणि त्याच्यावर ओरडली, “सांग, सांग ना गं! कोन बोललं तुला असं?”

“हे तुम्हीच मला सांगितलं होतं,” पुण्याची गोड आवाजात म्हणाली. “आपलं सगळं बोलणं मी जपून ठेवते.”

“ऐकलंत?” माय म्हणाली.

हीच ती बाई, जिला लेक मेलेली आठ वेळा सांगावी लागली! गुडघा कुठला ते कळलं नाही, दूध नको हे कळलं नाही, आणि जे कोणालाच सांगायचं नव्हतं ते मात्र शब्द न शब्द उचलून जिच्याबद्दल होतं तिच्याच हातात ठेवलं. तो फोन फरशीवर आपटावा असं वाटलं. पण फोन आपटला की का आपटला ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसलो. भावजयीने अशातही चहा केला, तो मी घेतला. कप रिकामा होईपर्यंत ती माझ्यासमोर गुन्हेगारासारखी उभी होती आणि मी गप्प होतो. हे लिहिताना पुण्याचीचा राग मला कमीच येतो.

धाकट्याने पोराला व्हिडिओवर घेतलं. त्याला सगळं सांगितलं तर आधी तो खूशच झाला. “आज्जी, म्हणजे नवीन मेमरी चालू झाली! आता ती मागचं सगळं बोलणं वाचून ठेवते. पप्पा, आत यादी असते बघा, तारखेसकट.” मग स्वतःच्या आईचा चेहरा त्याला दिसला असावा. तो हळू आवाजात कुठे दाबायचं ते सांगू लागला.

यादी निघाली. धाकटा वाचत गेला. उजवा गुडघा दुखतो. मुलगी नायगावला असते. भिशी दर महिन्याला. सासरे वारले. माहेर परभणी. आई घरी आहे, म्हातारी आहे, तिचं करून थकवा येतो. कानावर पडलेल्या आम्हा सगळ्यांचं एक माणूस करून त्या यंत्राने त्याला माझ्या मायचं नाव दिलं होतं.

“तारीख काय हाय त्याच्यापुढं?” भावजयीने विचारलं.

“ऑगस्ट.”

भावजय एकेक शब्द तोडत म्हणाली, “ऑगस्टात माय नांदेडला व्हत्या.”

मायने माझ्याकडे पाहिलं. पण ती मला बघतच नव्हती. “म्हंजे थोरली?” ती म्हणाली. “थोरली बोलली? तोंडावर तर लई माया करती.”

घरात काही बिनसलं की आमच्याकडे सुनेचंच नाव निघतं. एक सुटली की दुसरी. माझं नाव त्या खोलीत कोणाच्या मनातही आलं नाही. पुतण्याच्या नाही, धाकट्याच्या नाही, इतकं सोसून भावजयीच्याही नाही. मी अजून थोडा वेळ गप्प बसलो असतो तर माझ्या बायकोच्या गळ्यात ते वाक्य जन्मभरासाठी पडलं असतं. आणि ती तर तेव्हा परभणीला तिच्या आईचं करत होती.

“ती नव्हती घरी,” मी म्हणालो. “मी बोललो ते.”

“तू?” धाकटा म्हणाला.

“हाव. मीच.”

पुतण्या पडद्यातून म्हणाला, “मोठे पप्पा, मी डिलीट करतो ना ते, एका मिनिटात...”

“तू फोन ठेव,” मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. “आज्जीला मैत्रीण पाहिजे म्हणून कोणी सांगितलं होतं तुला? महिन्यातून एकदा स्वतः बोलायला काय होत होतं?” खरं म्हणजे हे मी मलाच विचारायला हवं होतं. पण तो समोर होता आणि लहान होता.

माय बराच वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत बसली. मग भावजयीला म्हणाली, “पोरी, चुकलं माझं. इकडं ये.” भावजय आली नाही. दारातच उभी राहून रडली. माय काठी टेकत उठून तिच्यापर्यंत गेली, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पाणी दे मला.” भावजयीने तांब्या दिला. मायने तो उभ्यानेच रिकामा केला.

जाताना मी पाया पडलो तेव्हा मला एवढंच विचारलं, “यष्टी कितीला हाय तुझी?”

पाडव्याला ती आली. पाळी ती पाळी. फोन लातूरलाच ठेवून आली. “तिथं भिशीला लागतो,” म्हणाली. मी बायकोला सगळं सांगितलं आहे. तिने फक्त इतकंच विचारलं की ती परभणीला असताना वरण-भात कोणी लावला होता; एरवी रोज तीच लावते.

आता माझ्याकडे मायचा गुडघा दुखत नाही. पोट बिघडत नाही. काही विचारलं की “बरं हाय” म्हणते, पाहुण्याला सांगावं तसं. सकाळी भिंत धरून ती एकटी मोरीपर्यंत जाते. भिंतीवरून तिचा तळवा सरकत गेल्याचा आवाज मला ऐकू येतो. परवा मी धावत गेलो आणि चिडून म्हणालो, “माय, हाक मारायला काय होतं गं?”

तिने भिंत सोडली नाही. दुसऱ्या हाताने मला बाजूला केलं.

“बस तू,” ती म्हणाली. “दमतूस.”