प्रागला रविवारीही काम असतं

प्रागला निघण्याआधी मी पाच दिवसांच्या पायी भटकंतीची यादी केली आणि भोपाळलाच नवरा, मुलगी, सासूबाई, प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत ठेवली. माणसाने व्यवस्थितपणालाही कुठेतरी आवर घालावा, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

मुलगी दीड वर्षाची असताना कारखान्याने मला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला प्रागला पाठवलं होतं. भोपाळला, बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तिला सासूबाईंनी सांभाळलं. मी दर आठवड्याला पत्र पाठवायचे आणि मजकूर ठरलेला असायचा: काम फार, श्वास घ्यायला फुरसत नाही, रविवारीसुद्धा वर्कशॉप. सासूबाई ती पत्रं आमच्या लाइनीतल्या शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवत. तान्ही पोर टाकून गेली म्हणणाऱ्यांची तोंडं त्यांनी माझ्या अक्षराच्या जोरावर बंद केली.

खरी गोष्ट अशी की वर्कशॉपला शनिवारी दुपारीच कुलूप लागायचं. मग सोमवारपर्यंत मी चालायचे. कुणाचं दूध, कुणाचा डबा, कुणाचा ताप डोक्यात न ठेवता, पाय दुखेपर्यंत. त्या शहरावर माझा जीव जडला तो त्याच्या मनोऱ्यांमुळे वगैरे नाही. तिथे मला कुणी हाक मारत नव्हतं, म्हणून.

आता सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. गोळ्यांच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागदही त्या शेवटपर्यंत वाचतात. माझी यादी त्यांनी विमानातच संपवली. त्यात मी माझ्या हाताने लिहून ठेवलं होतं: ‘पुलावर रविवारी आठच्या आत पोचावं, नंतर गर्दी.’ ‘टेकडीला मागच्या बाजूने चढावं, पायऱ्या वाचतात.’ ‘नदीकाठी तिसरं बाक, संध्याकाळी ऊन नसतं.’

पहिल्या दिवशी त्यांनी यादीचा विषय काढला नाही. फक्त चालल्या. मी जितकी अचूक वाट दाखवायचे, तितकी जास्त अडकत होते.

“मम्मी, मॅप तर सीधं जायला सांगतोय,” दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली.

“मॅपला काय कळतंय. या बोळातून गेलं की सात मिनिटं वाचतात.”

“हे तुला कसं पता?”

“वर्कशॉपमधून येता-जाता कळलं असेल,” सासूबाई म्हणाल्या. “रविवारी.”

नवरा इंदूरचा. या सगळ्या प्रवासात त्याचं योगदान म्हणजे शेवेची चार पाकिटं. त्यातलं एक फोडत तो म्हणाला, “आई, हिला बेकरी विचार. बेकरी पण वर्कशॉपच्या आतच असेल.”

बेकरी निघाली. खसखस भरलेले गोड पाव अजून तसेच मिळत होते आणि रांगेत कुठून शिरायचं हेही मला आठवत होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

तिसऱ्या दिवशी नदीकाठच्या बाकावर सासूबाईंनी बूट काढले आणि नवऱ्याला व मुलीला होडीचे फोटो काढायला पिटाळलं. मी मनात तीन उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी विचारलं ते भलतंच.

“मजेत होतीस ना इथे?”

“हो,” मी म्हणाले. “पहिला आठवडा रडले. नंतर नाही.”

“आणि मी तिकडे ओळीतल्या बायकांना सांगत बसले, सून राबून वाळली म्हणून. तू आलीस ती चांगली गुबगुबीत होऊन. मला जिना चढताना तोंड लपवावं लागलं.”

मी बेकरीतला पाव पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला.

“आणि मी तुला पत्रात काय लिहायचे, आठवतं?” त्यांनी पावाचा तुकडा मोडला.

आठवत होतं. पोर रोज दाराकडे बघून तुझ्या नावाने रडते. प्रत्येक पत्रात. ते रडणं बरोबर घेऊन मी सहा महिने या काठाने फिरले होते. फिरणं थांबवलं नाही, हेही खरं.

“चार दिवस रडली,” सासूबाई म्हणाल्या. “पाचव्या दिवसापासून मला आई म्हणायला लागली. मीच घाबरले. तू लवकर यावंस म्हणून लिहीत गेले.”

खोटं मीही सांगितलं होतं, तरी राग मलाच आला.

“चारच?” मी विचारलं.

“तीन म्हण,” त्या म्हणाल्या. “चौथ्या दिवशी दाढ येत होती.”