पांढऱ्या तुतीची पाटी

बागेतल्या झाडांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाला सगळे पाटीकाका म्हणत. बायकोसुद्धा हल्ली रागावली की ‘अहो पाटीकाका’ अशीच हाक मारायची. काम तसं साधं. पत्र्याची पाटी खरवडायची, हिरवा ऑइलपेंट द्यायचा, वाळला की खडूने रेघ आखून बारीक ब्रशने अक्षरं काढायची. वर रोजचं नाव, खाली लॅटिन. लॅटिनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. चित्र काढावं तशी ते अक्षरं काढत. पोट जाड, मान बारीक, शेवटाला जराशी शेपटी. अशी सगळी उमर सुखात गेली.

घोटाळा झाला तो अर्थ कळल्यावर.

बागेला नवीन प्रमुख बाई आल्या होत्या. वयाने काकांच्या लेकीएवढ्या, पण कामाला वाघ. एकदा पाट्यांच्या शेडमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, “काका, यातल्या कितीतरी पाट्यांवर पांढरा आहे, माहितेय?”

“सगळ्यांवरच आहे की. अक्षरं पांढरीच काढतो मी.”

बाई हसल्या. “तो नाही हो. आल्बा म्हणजे पांढरा. आल्बम, आल्बस, सगळे एकाच घरातले. झाडाच्या नावाप्रमाणे शेपटी बदलते, इतकंच. आपला फोटोचा आल्बमही त्यातलाच. फार पूर्वी चुना फासलेल्या पांढऱ्या फळीवर लोकांसाठी सूचना लिहीत, त्या फळीला आल्बम म्हणायचे.”

“म्हणजे पाटीच की,” काका म्हणाले. त्यांना उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी हे बायकोला सांगितलं. तिने कपाटातून लग्नाचा आल्बम काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. पानं काळीकुट्ट. “हा घ्या तुमचा पांढरा,” ती म्हणाली आणि भांडी विसळायला गेली.

तिथून काकांची झोप उडाली नाही, पण चाल बदलली. आजवर ते झाडांकडे पाटी टांगायचा खुंट म्हणून बघत आले होते. आता मान वर करून बघू लागले. चाफा प्लुमेरिया आल्बा, फुलं पांढरी. ठीक. चंदन सॅन्टलम आल्बम, खोड मात्र मातकट काळं. मोहरी सिनापिस आल्बा, फुलं पिवळीधमक. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तिचं बी पांढरं असतं. काकांनी बी तळहातावर घेऊन उन्हात धरलं. तेही पिवळसरच. मग शिरीषाच्या पाटीवर अल्बिझिया दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं, चला, हा तरी सापडला.

“तो नाही त्यातला,” बाई म्हणाल्या. “ते एका माणसाच्या आडनावावरून पडलंय.”

“माणूस गोरा होता का?”

“काका, मला मीटिंग आहे.”

इथवर सगळं डोक्यातल्या डोक्यात होतं. काचघराशेजारच्या दोन तुतींपाशी ते हातात उतरलं. दोघी अगदी जाऊबाईंसारख्या शेजारी शेजारी. पाट्या रंगवून झाल्या आणि काका त्या परत टांगायला आले, तेव्हा डावीखाली काळ्या फळांचा नुसता सडा पडला होता, चपला चिकटत होत्या. उजवीची फळं अजून फिकट हिरवी. आणि डावीची पाटी होती मोरस आल्बा, उजवीची मोरस नायग्रा. नायग्रा म्हणजे काळी, हे आता काकांना कळत होतं. काळी फळं देणारीच्या गळ्यात पांढरीची पाटी? मागच्या कुणीतरी चूक केली असणार, असं म्हणून त्यांनी पाट्यांची अदलाबदल केली. जेवून आल्यावर वाटलं, आपण कोण बदलणारे. म्हणून पुन्हा जाग्यावर लावल्या. की लावायचं नुसतं ठरवलं आणि तेवढ्यात कुणी हाक मारली? पुढे उजवीचीही फळं पिकली. तीही काळी निघाली. मग मात्र काकांनी त्या वाटेने जायचंच सोडलं.

हे सगळं विसरूनही गेलं असतं. पण काचघरातली रोपं उन्हावाचून पिवळी पडायला लागली आणि बाईंनी ठरवलं, दोन तुतींपैकी एक काढायची. “आल्बा काढा,” त्यांनी ऑफिसातूनच सांगितलं. “ती आपल्याकडे फाटकापाशीही आहे. नायग्रा एकच आहे, तिला हात लावू नका.”

लाकूडतोड्या आला तो यंत्राची करवत घेऊन. त्याला सगळे भुश्या म्हणत, कारण अंगावर भुसा नाही असा तो कुणी पाहिलाच नव्हता. त्याने पाट्या वाचल्या, डावीच्या बुंध्याला दोर बांधला.

काका लांबून बघत होते. पाटी आल्बाची होती खरी, पण सुरुवातीला ती डावीकडे होती की उजवीकडे हेच आता आठवेना, मग ही मूळचीच, की आपण फिरवलेली? बोलावं, तर बाईंच्या टेबलावर नुकताच यंत्राने कोरलेल्या चकचकीत पाटीचा नमुना येऊन पडलेला. कारकून तर रोजच म्हणायचा, काकांचं काय, आता मशीन आणू. एवढं निमित्त हाती दिलं की संपलंच. न बोलावं, तर बागेतली एकुलती एक नायग्रा आपल्या हाताने गेली.

भुश्याने करवतीची दोरी ओढली. काका पुढे झाले.

“थांब जरा.”

“का? दुसरी पाडायचीय?”

“तेच माहीत नाही.”

“मग माहीत कुणाला आहे?” भुश्याने करवत बंद केली आणि बिडी काढली. “तुमचंच अक्षर आहे की वर.”

“अक्षर माझं आहे. झाडाचं मी सांगू शकत नाही.”

काका ऑफिसात गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. फळं, अदलाबदल, जेवण, हाक. बाई ऐकत होत्या, ऐकता ऐकता त्यांचं पेन थांबलं.

“पण काका, पांढरी म्हणजे फळं नव्हेच. कळ्यांवरून नाव पडलंय म्हणतात.”

“कळ्या कोण बघतं हो?”

बाई उठल्या. तुतीपाशी येऊन त्यांनी एकेक पान तोडलं आणि अंगठ्याने चोळलं. डावीचं गुळगुळीत, उजवीचं खरखरीत. “डावीच आल्बा. पाटी बरोबर आहे. तुम्ही परत लावली होती.”

काकांना हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. म्हणजे बोललो नसतो तरी चाललं असतं. आता आपल्या तोंडाने आपणच सांगून बसलो, तेही न झालेल्या चुकीबद्दल. आणि समजा झालेली असती तर? त्यांना नीट विचारही करता येईना, कारण करवत सुरू झाली होती.

डावी तुती आडवी झाली. बुंध्याचा काप बघायला काका वाकले. आतून हळदीसारखी पिवळी. फक्त सालीला लागून एक फिकट कडं.

“बाई, हे पांढरं ते हेच का?”

“नाही, काका. हे पण नाही.”

भुश्या खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मशीनची पाटी मी परत पाठवतेय, तुमच्या अक्षरापुढे ती काहीच नाही. पण पाटी टांगायची तर झाड ओळखता आलं पाहिजे. पान चोळून शिका. जमेपर्यंत तुम्ही रंगवा, टांगेन मी.”

काम राहिलं होतं आणि अर्धं गेलंही होतं. काकांनी फाटकापाशी जाऊन तिथल्या तुतीचं पान चोळलं. मग परत येऊन उजवीचं चोळलं. सगळ्या उमरेत टर्पेंटाइन आणि पॉलिश पेपर खाल्लेली बोटं ती, दोन्ही पानं त्यांना सारखीच लागली. इकडेतिकडे बघून त्यांनी पान गालाला लावलं. गालावर दाढीचे खुंट, त्यामुळे आणखीच पंचाईत. खरखर पानाची की गालाची, तेच समजेना.

शेवटी एक पान खिशात घालून घरी नेलं. कुठल्या झाडाचं, ते लक्षात ठेवायचं पक्कं ठरवलं होतं आणि दारात येईतो तेवढंच विसरलं. बायकोच्या हातावर पान ठेवून म्हणाले, “चोळून सांग बघू, खरखरीत आहे की गुळगुळीत?”

तिने पान चोळलं, उलटं करून पुन्हा चोळलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

“कशाच्या मानाने?” तिने विचारलं.

काका तसेच चपला घालून बागेकडे वळले, दुसरं पान आणायला.