रोसाउराची पेटी आणि वामेचं कालवण

वालपाराइसोच्या संसदेत भल्याभल्यांनी रोसाउरा कातालदोच्या हाती निमूटपणे आपला फोन दिलेला आहे. गुप्तवार्ता समितीची बैठक बंद दाराआड चालते आणि आत फोन न्यायचा नाही, असा नियम. दाराशी खुर्ची, खुर्चीत रोसाउरा आणि तिच्या मांडीवर लाकडी पेटी. एखादा नवखा खासदार म्हणायचा, "अहो, माझा राहू द्या, बंदच आहे." ती चष्म्यावरून त्याच्याकडे बघायची. "बंद आहे ना? मग माझ्याकडे झोपेल की शांत!"

आवाज कोळणीचा, कारण बाई होतीच कोळीण. लग्नानंतर अर्धं आयुष्य पोर्तालेसच्या धक्क्यावर मासे विकण्यात गेलं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने संसदेतली शिपायाची नोकरी धरली. आत काय बोलतात ते तिला कधी ऐकू आलं नाही आणि तिने दाराला कान लावलाही नाही. दुसऱ्याचं गुपित ऐकून आपल्या जिवाला घोर कशाला लावून घ्यायचा, असं तिचं सरळ मत होतं.

पण त्या वर्षी घोर आपणहून तिच्या घरी आला. मासेमारीचा वाटा सरकारने कमी केला म्हणून तिच्या नवऱ्याने, नोल्बेर्तोने, आणि त्याच्या सोबत्यांनी बोटी ओढून किनाऱ्याच्या रस्त्यावर आडव्या घातल्या, चार टायर जाळले. झालं! सरकारी वकिलाने दहशतवादाचा कायदा काढला. तेव्हापासून धक्क्याच्या वरच्या अंगाला एक करडी गाडी उभी असायची आणि फोनमध्ये खरखर यायची. "दहशतवादी म्हणे! झुरळ मारायला मला हाक मारतो हा माणूस," असं रोसाउरा सगळ्यांना हसून सांगायची. मनातून मात्र ती पुरती घाबरली होती. तो शिक्का एकदा बसला असता तर बोटीचा परवाना गेला असता आणि म्हातारपणी नवरा तुरुंगात.

समितीच्या अध्यक्षा ओल्गा ओयार्सो यांनी भर सभागृहात जाहीर केलं होतं, की गुप्तवार्ता संस्था कोळ्यांचे फोन ऐकते का, आणि कुठल्या न्यायाधीशाच्या परवानगीने, हे मी संचालकांना विचारणार. विचारणं सोपं होतं. पण संचालक रेतामाल हा माणूस मोठा इरसाल. तो कधीच उत्तर नाकारायचा नाही, नुसता उत्तर लांबवायचा. बैठक बुधवारी असायची, आणि बुधवारी दुपारी सगळ्या खासदारांचा जीव घराकडे, राजधानी सांतियागोच्या रस्त्याकडे लागलेला. गर्दी व्हायच्या आत निघायचं असतं ना! "जरा आलो हं," म्हणत एकेक जण बाहेर यायचा, पेटीतला फोन उचलायचा आणि पसार व्हायचा. मग पुरेसे सदस्य नाहीत म्हणून बैठक बरखास्त आणि प्रश्न पुढच्या महिन्यावर. आधी असंच झालं होतं, आणि याही वेळी तसंच होणार याची रोसाउराला खात्री होती.

मंगळवारी तिने कामावरूनच नवऱ्याला फोन लावला.

"वाम मिळाली का रे?"

"मिळालीय की, माझ्या मांडीएवढी! व्यापारी समोरच उभा आहे."

"विकू नकोस. उद्या समितीला कालवण घालते. त्याशिवाय ते बूड टेकून बसायचे नाहीत."

"त्या ऐदी लोकांना? माझी वाम?" नोल्बेर्तोने व्यापाऱ्याला जा म्हणून सांगितलं. "बरं, ने. पण तिच्यावर लिंबू पिळलंस ना म्हातारे, तर मी बोटीत झोपायला जाईन, सांगून ठेवतो."

बुधवारी खालच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढलं. कांदा, टोमॅटो, बटाटे, पांढरी वाइन, वरून साय. वास जिना चढून पार समितीच्या दारापर्यंत आला. फोन घेता घेता रोसाउरा प्रत्येकाला बजावत होती, "बैठक संपली की खाली कालवण. मधेच उठेल त्याला नुसतं पातेलं बघायला मिळेल."

खासदार उरुतिया नेहमी सगळ्यात आधी पळणारे. त्यांनी विचारलं, "रोसाउराबाई, कोथिंबीर आहे ना भरपूर?"

"शेवटपर्यंत बसा, म्हणजे कळेल."

कुणी उठलं नाही. पण गंमत अशी, की त्या दिवशी रेतामालनेही लांबण लावली नाही. दार लवकरच उघडलं. तो हसतमुखाने बाहेर आला आणि मागून ओल्गाबाई आल्या, चेहरा पडलेला.

"काय झालं?" रोसाउराने हळूच विचारलं.

"बाई, सांगता येत नाही हो मला."

"नका सांगू. 'आम्ही ऐकत नाही' म्हणाला ना? दिसतंय." रोसाउराला रडूच येत होतं. पण कालवण तयार होतं आणि माणसं भुकेली होती. तिने पदरच्या दुःखावर झाकण ठेवलं आणि डाव हातात घेतला.

खाली सगळ्यांनी ताव मारला. रेतामालने तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. उरुतियांनी इकडेतिकडे पाहिलं. "लिंबू नाही का हो?"

"अहो, लिंबू नका मागू!" रेतामाल पावाने वाडगा पुसत म्हणाला. "नाहीतर यांचा नवरा बोटीत झोपायला जायचा!" आणि आपल्याच विनोदावर तो खो खो हसला. बाकीचेही हसले.

रोसाउराचा डाव हवेतच थांबला. "साहेब, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय ते?"

"बोटीत झोपायचं. काल तो हे माझ्याशी बोलला. फोनवर. फक्त माझ्याशी."

रेतामालच्या हातातला पाव वाडग्यात पडला. "असं... सगळेच कोळी म्हणतात की."

"मी कोळ्याचाच मुलगा," उरुतिया म्हणाले. "आमच्यात नाही बुवा कोणी म्हणत."

ओल्गाबाईंनी चमचा खाली ठेवला. पडलेला चेहरा आता चांगलाच उजळला होता. "मंडळी, बैठक मी जेवणापुरती थांबवली होती, संपवली नव्हती. चला वर. संचालकसाहेब, मघाचं उत्तर तुम्हाला पुन्हा एकदा द्यावं लागेल."

सांतियागोचं नावही कुणी काढलं नाही. उरुतिया तर भरलेला वाडगा घेऊनच जिना चढले. रोसाउरा कुरकुरत्या गुडघ्यांनी सगळ्यांच्या आधी वर पोचली आणि पेटी मांडीवर घेऊन बसली. एकेक फोन आत पडला. शेवटी रेतामाल आला. तिच्याकडे न बघता त्याने आपला फोन पेटीत ठेवला आणि आत गेला.

दार बंद झालं. तिने आपला फोन काढून नवऱ्याला लावला.

"म्हाताऱ्या, आज घरीच झोप हो. लिंबू नाही पिळलं." तेवढ्यात खरखर झाली. रोसाउराने आवाज चढवला, "आणि मधे कोण ऐकतंय त्यालाही सांगते, कालवण संपलं!"