काठीच्या मानेचा बाक

चेंडू खड्ड्यात पडला की तुम्ही-आम्ही टाळ्या वाजवू. बाई म्हणायच्या, "पुन्हा." हुकला तरी तेच. मराठीतले दोनच शब्द त्यांना येत होते, "पुन्हा" आणि "बस". दुसरा क्वचितच कानावर पडायचा.

ऐंशी सालाच्या जरा आधीची गोष्ट. त्यांचे यजमान स्वीडनहून पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले होते. बाई गोल्फच्या व्यावसायिक खेळाडू, तिकडे नुकतंच नाव होऊ लागलेलं. इथे तीन वर्षं जवळपास मैदान नाही, स्पर्धा नाही. मग भोसरीत आमच्या वर्कशॉपमागच्या पडीक जमिनीवर त्यांनी एक तुकडा रोलर फिरवून गुळगुळीत करून घेतला आणि चेंडू खड्ड्यात ढकलायचा शेवटचा हलका फटका तिथे घोटत बसल्या. आमचा वॉचमन म्हणायचा, "सकाळधरनं त्येच हाय बघा. बाईला कटाळा म्हून न्हाई."

परत जायला महिना उरला. गेल्या गेल्या मोठी स्पर्धा होती आणि बाईंचा खेळ संपला की शिल्लक आहे, ते तिथेच ठरणार होतं. त्या हलक्या फटक्याची काठी त्यांनी मुठीला नवं चामडं लावायला माझ्याकडे दिली.

मी फिटर. माझी नजर म्हणजे काटकोन तपासायचा गुण्याच, असा माझा तोरा. चामडं लावलं, तर खाली पात्याजवळ काठीची मान वाकडी दिसली. पडली असेल बिचारी, म्हणून व्हाइसच्या जबड्यात धरून सरळ केली. सांगितलं कोणी होतं? कोणी नाही. वर छाती काढून बाईंच्या हातात दिली.

बाईंनी काठी जमिनीला टेकवली आणि त्यांचा चेहराच उतरला. यजमानांनी हिंदीत समजावलं, तो बाक मुद्दाम दिलेला होता, बाईंच्या उंचीला, त्यांच्या हातांना; मारताना हात किती उंचीवर राहणार, ते त्या बाकावरच ठरतं. दहा वर्षं त्या त्याच बाकावर खेळत होत्या. चांगलं झापलं असतं तर बरं वाटलं असतं. बाईंनी फक्त व्हाइसकडे बोट दाखवलं. "पुन्हा."

शिफ्ट सुटल्यावर चार दिवस तेच चाललं. त्या उभ्या राहायच्या, मी त्यांचे हात बघायचो. गुडघ्याच्या वर बरोबर चार बोटं, ही त्यांची जुनी ठेवण मी रोज पाहिलेली. मग काठीची मान मी थोडी वाकवायची, त्या मारून बघायच्या. चौथ्या दिवशी मानेवर केसाएवढी चीर दिसली. "आता वाकवली तर तुटेल," मी म्हणालो. बाईंनी चीर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. दोन चेंडू मारले, दोन्ही पडले; मी हात सोडून चेंडूच बघत राहिलो.

"बस," त्या म्हणाल्या, आणि माझा तेलाने काळा झालेला हात हातात घेतला.

मी सुटलो. बाक जसाच्या तसा आणला, असं वर्कशॉपभर सांगत सुटलो.

ती स्पर्धा बाई हरल्या. यजमानांनी पत्रात तेवढंच कळवलं होतं. त्या दिवशी डबा उघडवला नाही.

दोन वर्षांनी पाकीट आलं, आत दोन फोटो. एकात बाईंच्या हातात मोठा कप. मी मोठ्यांदा हसलो, सगळ्यांना दाखवला. दुसऱ्यात त्या खेळत होत्या. काठी तीच, मुठीला मीच लावलेलं चामडं. सवयीने नजर हातांवर गेली.

हात गुडघ्याच्या वर वीतभर होते.

म्हणजे तो बाक परत आलाच नव्हता. काठी त्यांच्या मापाची झाली नाही, म्हणून दहा वर्षांची ठेवण मोडून त्या काठीच्या मापाच्या झाल्या होत्या. हे सगळं त्यांना त्या दिवशी चीर बघतानाच कळलेलं होतं, आणि तरी त्या मला "बस" म्हणाल्या होत्या.