पॉलिशबाई आणि आमच्या ओट्याखालची कपाटं

पॉलिशबाई कुणाच्याही घरी गेल्या की समोरच्या खोलीत बसत नसत. चप्पल काढली की थेट स्वयंपाकघरात. तिथल्या कपाटावरून तळहात फिरवायच्या, दार दोनदा उघडून मिटायच्या आणि घरच्या बाईकडे वळून विचारायच्या, "काऊन वं, याले काय झालं?" आजारी लेकराची चौकशी करावी तसा सूर. त्यांच्या पर्समध्ये पॉलिश पेपरचा तुकडा कायम असे. ब्रह्मपुरीतल्या आमच्या मोहल्ल्यानं त्यावरूनच त्यांचं नाव पाडलं होतं.

त्यांचे यजमान शाळांची बाकं रंगवायचे. बाई हे काम त्यांच्याकडूनच शिकल्या. ते गेल्यावर घरी बसवेना, म्हणून शेजारपाजारची कपाटं रंगवू लागल्या. कुणी जुनं काढून नवं बसवायचं म्हटलं की बाईंचा पारा चढायचा. "आतली पेटी मजबूत हाय ना? मंग चेहरा बदलवू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा आईला लकवा होऊन वर्ष होत आलं होतं. उजवा हात कामातून गेलेला, तोंड थोडं वाकडं झालेलं. चालता यायचं, पण लोक बघतील म्हणून ती अंगणाबाहेर पडत नसे. स्वयंपाकघरात सुरुवातीला जायची. कपाटांच्या गोल गुळगुळीत मुठी डाव्या हातात धरवत नव्हत्या. एकदा वरच्या कपाटाचं दार हिसका देऊन उघडताना हळदीचा डबा अंगावर सांडला. त्या दिवसापासून तिनं आत पाऊल टाकलं नाही. मी सकाळी वरण-भात करून औषधाच्या दुकानात कामाला जायची, आणि ती दिवसभर खिडकीपाशी बसून राहायची.

नागपूरचा भाऊ म्हणाला, सगळं तोडून नवं मॉड्युलर किचन करू. माप घ्यायला माणूसही येऊन गेला. आई एवढंच म्हणाली, "कोणासाठी? मी तं रांधत नाई आता."

हे कानावर गेलं तशा पॉलिशबाई हजर. सनमायक्याचे सुटलेले कोपरे त्यांनी दाबून पाहिले, खालून ठोकून पाहिलं. मग स्क्रू काढून एकेक दार अंगणात आणलं, सोड्याच्या गरम पाण्यानं वर्षानुवर्षांचा तेलकटपणा धुऊन काढला. वाळलेलं एक दार त्यांनी सरळ आईच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या डाव्या हातात पॉलिश पेपर दिला.

"घास."

"माह्यानं नाई होत, बाई."

"एकच हात लागते याले. माह्या दुसऱ्या हातात तं पान असते!"

आई हसली. वाकड्या तोंडानं, पदर न लावता हसली. काहीतरी हालचाल कर म्हणून डॉक्टरांनी, मी, भावानं किती विनवलं होतं. त्या दिवशी तिचा डावा हात संध्याकाळपर्यंत चालला.

रंग कोणता, हे बाईंनी मला विचारलंच नाही. रंगांचं पुस्तक आईसमोर उघडून त्या पाय पसरून बसल्या. आई म्हणे, कोणताही लावा. बाई म्हणे, मग मी उद्या येते. अशा दोनदा परत गेल्या. तिसऱ्यांदा आईनं बोट ठेवलं, "हा. पऱ्ह्यासारखा." रोवणीआधी धानाची रोपं शेताच्या बांधीत दाटून येतात, तो कोवळा हिरवा. लकवा झाल्यापासून आईनं स्वतःच्या मनानं मागितलेली ती पहिली गोष्ट.

रंगाचा पहिला हात मात्र फसला. श्रावणाची दमट हवा, त्यात बाईंची घाई. दारं चिकट राहिली, त्यांवर चिलटं बसली. मी हिरमुसले. बाईंनी सगळा रंग खरवडला, खाचाखड्ड्यांत लांबीची पुट्टी भरली, प्राइमर मारला आणि ऊन पडेपर्यंत थांबल्या. "माहीच चूक हाय," म्हणाल्या, "पण आता तुह्या आईले आणखी घासाले भेटलं."

गोल मुठींच्या जागी बाईंनी लांब दांड्या बसवल्या, बोटं अडकवली की दार उघडेल अशा. वरच्या दोन कपाटांची दारं त्यांनी लावलीच नाहीत. आतून पांढरा रंग देऊन फळ्या उघड्या ठेवल्या आणि रोजचे डबे आईच्या छातीच्या उंचीला मांडले. बाकी पेट्या त्याच, बाबांनी करून घेतलेल्या. शेवटचं दार बसल्यावर बाई ओट्याला टेकून आईला म्हणाल्या, "सुमन, थकलो वं मी. चहा ठेव." मी उठू लागले तर त्यांनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं. आईनं दांडी ओढली. पातेलं काढलं. साखर थोडी सांडली. चहा फार गोड झाला होता. आम्ही तिघींनी तो बशीत ओतून प्यायला.

पुढच्या उन्हाळ्यात बाई लेकीकडे सिंदेवाहीला कायमच्या राहायला गेल्या. निघायच्या दिवशी आई म्हणाली, "मी येतो स्टँडवर." मी तिच्याकडे बघतच राहिले. भर गर्दीत दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. बाई चढल्या, खिडकीतून ओरडल्या, "ओला हात लावू नको वं दाराले!" बस वळून दिसेनाशी झाली.

मी रिक्षा बघू लागले. आईनं डोळे पुसले आणि उलट्या दिशेला चालू लागली.

"आई, घर इकडं आहे."

"माहीत हाय. बजारात चाल. वैनगंगेची मच्छी आली असंन. आज मी रांधतो."